हायपो की हायपर? ऐकायला सारखे, उपचार मात्र उलटे

धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे नागपुरातली दवाखान्यांची वस्तीच. शिवाय मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमधलं एम्स आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरचे पेशंट तर येतातच, पण बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहूनही लोक इथंच येतात. औषधाच्या काउंटरवर फाइल घेऊन उभा राहतो तो बहुतेक वेळा पेशंट नसतो. मुलगा, पुतण्या किंवा जावई असतो. डॉक्टरांनी राउंडला घाईत सांगितलेलं त्यानं अर्धंमुर्धं ऐकलेलं असतं आणि तेच त्याला फोनवर गावाकडं कळवायचं असतं. "आईले हायपर झालं होतं म्हणते डॉक्टर." हायपर की हायपो? फाइल उघडून बघावं तर तीही इंग्रजीत.

हे दोन शब्द एकमेकांच्या नेमके उलट आहेत. गल्लत झाली तर साखर द्यायची तिथं इन्सुलिन दिलं जातं आणि मीठ तोडायचं तिथं मिठाचं पाणी पाजलं जातं. औषधाचा डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. पण घरच्या माणसाला 'कमी झालंय की जास्त' एवढं कळायलाच हवं, आणि ते कळणं अवघड नाही.

लक्षात कसं ठेवायचं?

दोन्ही शब्द मूळचे ग्रीक. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपर म्हणजे वर, प्रमाणाबाहेर. हायपो आणि लो, दोन्हींच्या शेवटी 'ओ' येतो एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. हायपो म्हणजे लो. उरला हायपर, तो जास्तीचा. 'लगेच हायपर होऊ नको' असं तर आपण रोज म्हणतो.

हे झालं शब्दाचं पहिलं टोक. काय कमी किंवा जास्त झालंय ते पुढचा भाग सांगतो. ग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर, टेन्शन म्हणजे इथं रक्तदाब, थायरॉइडिझम म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं काम, नॅट्रेमिया म्हणजे सोडियम, कॅलेमिया म्हणजे पोटॅशियम, थर्मिया म्हणजे शरीराचं तापमान. एवढी सहा नावं कळली की डिस्चार्ज कार्डावरचं बरंचसं वाचता येतं. अडचण अशी की बोलताना पो आणि पर हाच भाग गिळला जातो. हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शन भरभर म्हणून बघा, कसलेल्या कानालाही पुन्हा विचारावं लागतं.

शुगर: इथं मिनिटांचा प्रश्न असतो

हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणं. (हे आकडे एक डेसिलिटर रक्तामागचे असतात, रिपोर्टवर तसंच छापलेलं असतं.) ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर बाब. हायपरग्लायसेमिया म्हणजे साखर वाढणं. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर पुन्हा तपासूनही आली तर डॉक्टर मधुमेहाचं निदान करतात.

यातली साखर कमी होण्याची बाजू घरोघरी फार हलक्यानं घेतली जाते. मधुमेह म्हटलं की साखर वाढण्याचीच भीती मनात बसलेली असते, त्यामुळे ती कमी झाली तर चांगलंच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो आणि त्याच्याकडं साखरेचा साठा जवळपास नसतोच. त्यामुळे रक्तातली साखर घसरली की काही मिनिटांत हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं, भूक लागते. मग माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, आणि शेवटी बेशुद्ध पडतो. साखर वाढते तेव्हा गोष्ट सावकाश चालते. ती साधारण १८० च्या पुढं गेली की मूत्रपिंडाला अडवता येत नाही, लघवीतून जाऊ लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, म्हणून तहान, म्हणून थकवा. हे तासांत नाही, बहुधा दिवसांत किंवा आठवड्यांत घडतं. पण दुर्लक्ष केलं तर तीही बेशुद्धीपर्यंत नेते.

आता विदर्भातला मे महिना डोळ्यांपुढं आणा. लग्नाची वरात लांबली आहे, पंगत बसायला तीन वाजलेत. काकांनी शुगरची गोळी सकाळीच घेतली, नाश्ता मात्र 'लग्नात जेवूच' म्हणून टाळला. मांडवात त्यांना घाम फुटला, पाय लटपटले, बोलणं अडखळलं. सगळे म्हणतात, ऊन लागलं. कांदा हुंगवतात, पंख्याखाली झोपवतात. या गडबडीत साखर आणखी खाली जाते. मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून तर आपल्याकडं हा हायपो उन्हाच्या नावावर खपतो. गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस असं वागू लागला तर पहिली शंका साखर कमी झाल्याची घ्यावी.

मशीन जवळ नसेल तर?

हा प्रश्न रास्त आहे. कमी झाली की जास्त हेच कळत नसेल आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर साखर द्यावी. आधीच वाढलेली साखर आणखी थोडी वाढली तर त्या तासाभरात फारसं बिघडत नाही. कमी झालेली तशीच राहिली तर जिवावर बेतू शकतं.

किती द्यायची? साधारण १५ ग्रॅम. तीन ते चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा तितकीच ग्लुकोज पावडर, किंवा संत्र्याचा अर्धा पेला रस. अख्खं संत्रं सोलून देत बसू नये, रस लवकर चढतो. चॉकलेट आणि बर्फीही नको, त्यातली चरबी साखर पोचायला उशीर करते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्यावं, आणि सावरल्यावर पोळी-भात काहीतरी खायला लावावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. पाणी श्वासनलिकेत जातं. तिथं थेट १०८.

एक गोष्ट डॉक्टरांकडूनही सांगायची राहून जाते, म्हणून मी काउंटरवर आवर्जून सांगतो. जेवणानंतरची साखर आटोक्यात राहावी म्हणून अनेकांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी असते. ती आतड्यात साध्या साखरेचं विघटनच मंदावते. त्यामुळे अशा माणसाला हायपो झाला तर साखरेचं पाणी लवकर लागू पडत नाही. त्याला ग्लुकोज पावडरच हवी. गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव एकदा वाचून ठेवा आणि त्या घरात ग्लुकोजचा डबा ठेवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर लांब टिकतो, म्हणून साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. वय झालेल्या किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला अशा वेळी डॉक्टर रात्रभर ठेवून घेतात ते यासाठी.

आणि मशीन असेल तर?

आधी हात धुवा. संत्रं किंवा आंबा सोललेल्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला तर सालीचा-रसाचा अंश त्यात मिसळतो आणि साखर खोटीच वाढलेली दिसते. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसणं पुरत नाही, साबण-पाणीच हवं. नागपुरात संत्र्याच्या दिवसांत हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे: खोट्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिन वाढवलं तर जास्तीवरून थेट कमीवर येऊन पोचतो.

काही वेळा पडद्यावर आकडा येतच नाही, नुसतं इंग्रजीत 'लो' किंवा 'हाय' येतं. मशीन बिघडलं असं समजून लोक ते बंद करून ठेवतात. बऱ्याच मशीनमध्ये 'लो' म्हणजे २० च्या खाली आणि 'हाय' म्हणजे ६०० च्या वर. हात धुऊन लगेच पुन्हा तपासा. तेच आलं तर 'लो'ला जागच्या जागी साखर आणि 'हाय'ला तातडीनं दवाखाना.

सिरिंजच्या टोपीचा रंग

हायपो आणि हायपर दोन्ही एकाच चुकीतून घडू शकतात, ते इथं. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं १०० चं असतं, आणि १०० च्या बाटल्याही मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. समजा डॉक्टरांनी २० युनिट सांगितलेत. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर शरीरात जातात ५० युनिट. ४० चं इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं, तर जातात फक्त ८. पहिल्यात साखर कोसळते, दुसऱ्यात ती वाढत राहते आणि गावातली मंडळी 'औषध लागू पडत नाही' म्हणून डॉक्टर बदलतात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढं दर वेळी बघायचं.

उन्हाळ्यात आणखी एक. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवतात, बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरात असलेलं बाहेर चालतं, पण ती खोली थंड असली तर. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा दिवशी दुचाकीच्या डिक्कीत ठेवलेल्या इन्सुलिनवर भरवसा ठेवू नये. तापलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि डोस बरोबर असूनही साखर चढते. गावात फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल, तर ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या भांड्याचा उपयोग होतो.

थायरॉईड 'वाढला' म्हणजे नक्की काय?

काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. "भाऊ, थायरॉईड वाढला म्हणते डॉक्टर, मंग गोळी काऊन वाढवून देल्ली? कमी नाही पायजे का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. चूक आहे ती 'थायरॉईड वाढला' या बोलण्याच्या पद्धतीत.

रिपोर्टवर वाढलेला असतो तो टीएसएच. तो थायरॉईडचा रस नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीनं थायरॉईडला धाडलेला हुकूम आहे. कामगार ढिला पडला की मुकादम ओरडतो, आणि कामगार जितका ढिला तितका त्याचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे हा मुकादमाचा आवाज. तो चढलाय याचा अर्थ बहुतेक वेळा थायरॉईडचं काम कमी पडतंय, म्हणजे हायपोथायरॉइडिझम. म्हणून गोळी वाढवतात. बाहेरून पुरेसं हार्मोन मिळालं की मुकादम शांत होतो आणि पुढच्या रिपोर्टात टीएसएच खाली येतो. उलट टीएसएच अगदी तळाला गेला असेल तर थायरॉईड जास्त चालतेय, किंवा घेत असलेली गोळीच जास्त होतेय. मोठ्यांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा असं धरतात. गरोदरपणात आणि वय वाढल्यावर ही मर्यादा बदलते.

आकडा वर आणि काम खाली, हा पेच सुटला नाही म्हणून गोळी आपल्या मनानं अर्धी करणाऱ्या बायका मी पाहतो. वजन वाढतं, अंग सुस्तावतं, केस गळतात, पाळी बिघडते, आणि दोष मात्र वयाला नाहीतर घरकामाला दिला जातो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही गोळी स्वस्त आहे आणि नीट घेतली तर काम करते. नीट म्हणजे सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासानं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी शरीरात शोषलीच जात नाही आणि डॉक्टर उगाच डोस वाढवत राहतात.

हायपरथायरॉइडिझमचं चित्र उलट: खाऊनही वजन उतरतं, धडधड होते, हात कापतात, गरम सहन होत नाही. त्याची औषधंही वेगळी. शेजारणीला 'थायरॉईड' आहे म्हणून तिची गोळी आपल्याला चालेल, असं म्हणूनच होत नाही.

बीपी: 'टेन्शन' या शब्दानं केलेला घोळ

हायपरटेन्शन म्हणजे मनावरचा ताण नव्हे. रक्तवाहिन्यांमधला दाब १४०/९० किंवा त्याहून वर वारंवार येणं, एवढाच त्याचा अर्थ. 'मला कसलंच टेन्शन नाही, मग हे कसं?' असं म्हणून गोळी सुरूच न करणारे भेटतात. निवांत स्वभावाच्या माणसालाही बीपी असतो, आणि बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही.

हायपोटेन्शन म्हणजे दाब ९०/६० च्या खाली. चक्कर आली की आपल्याकडं लगेच 'बीपी लो झाला असेल' म्हणून मीठ-साखरेचं पाणी पुढं येतं. चक्कर दोन्हीकडं येऊ शकते, आणि साखर कमी झाल्यानंही येते. आधी मोजा. बीपीच्या रुग्णाला अंदाजानं मिठाचं पाणी पाजणं बरोबर नाही. उन्हाळ्यात मात्र याची दुसरी बाजूही खरी आहे: घामानं पाणी गेलं, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू, की उठून उभं राहताना डोळ्यांपुढं अंधारी येते. अशा वेळी गोळी आपल्या मनानं बंद न करता आठवडाभराचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवावेत. मे-जूनमध्ये डोस कमी करावा लागणं नवीन नाही.

सोडियम, पोटॅशियम आणि ऊन

हायपोनॅट्रेमिया म्हणजे रक्तातलं सोडियम १३५ च्या खाली जाणं. साधारण १३५ ते १४५ हे ठीक. उन्हाळ्यात आजी-आजोबांच्या बाबतीत हे फार घडतं. जेवण कमी झालेलं, बीपीसाठी मीठ तोडलेलं, लघवीची गोळी चालू, आणि 'ऊन आहे, पाणी प्या' म्हणून दिवसभर नुसतं साधं पाणी. सोडियम पातळ होत जातं. माणूस गुंगीत राहतो, नातवंडांची नावं विसरतो, न्हाणीघरात पडतो. पण शरीरातलं पाणी आटून सोडियम वाढलं, म्हणजे हायपरनॅट्रेमिया झाला, तरी गुंगी येतेच. वरून बघून फरक कळत नाही, रक्त तपासावंच लागतं. कमी झालेलं सोडियम घाईनं वर आणलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून दवाखान्यात ते मोजून-मापून, हळूहळू भरतात. 'नुसतं मीठच तर द्यायचं, दोन-तीन दिवस कशाला ठेवलं?' असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर हे आहे.

पोटॅशियमचं प्रमाण साधारण ३.५ ते ५. ते वाढलं, म्हणजे हायपरकॅलेमिया झाला, तर कसलंही लक्षण न देता हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मूत्रपिंड अधू असलेल्या पेशंटला भेटायला जाताना नारळपाणी नेण्याची आपली पद्धत मायेची आहे, पण नारळपाण्यात आणि संत्र्याच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं. आधी विचारून न्यावं. उलट जुलाब-उलट्यांनी ज्याचं पोटॅशियम उतरलंय, त्याला डॉक्टर स्वतःच नारळपाणी सांगतात.

उष्माघात म्हणजे हायपरथर्मियाचं टोक: शरीराचं तापमान ४० अंशांवर आणि सोबत भ्रम किंवा बेशुद्धी. हा ताप नाही, म्हणून पॅरासिटामॉलनं उतरत नाही. अंग ओलं करून वारा घालणं आणि दवाखान्यात नेणं हाच इलाज.

मग डॉक्टर मराठीतच का नाही सांगत?

बरेच सांगतात. पण राउंडला दहा मिनिटांत पंधरा खाटा बघायच्या असतात आणि तोंडात इंग्रजी शब्द बसलेले असतात. पाठ्यपुस्तकी मराठी प्रतिशब्दांनी काम सोपं होणार नाही. 'रक्तशर्करा-न्यूनता' म्हटलं तर काकू आणखी गोंधळतील. 'शुगर कमी झाली होती', 'सोडियम उतरलंय', 'बीपी चढलाय' ही मराठी पुरेशी आहे आणि ती कुणालाही कळते. डिस्चार्जच्या वेळी कार्ड हातात पडलं की तिथंच उभं राहून विचारा: काय कमी झालं होतं, काय जास्त, आकडा किती होता, आता कितीवर राहायला हवा. उत्तर त्याच कार्डाच्या कोपऱ्यात मराठीत लिहून घ्या. गावच्या डॉक्टरांना ते कार्ड दाखवाल तेव्हा उपचाराची दिशा त्यांना एका नजरेत कळेल.

फोनवर तर हायपो, हायपर हे शब्द वापरूच नयेत. 'शुगर ४८, कमी झाली' असं आकड्यासकट बोलावं. १०८ ला फोन लावलात तरी हाच क्रम: आधी आकडा, मग कमी की जास्त, मग कोणती गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, आणि शेवटचं जेवण किती वाजता झालं.